व्यवहार एक, कायदे अनेक

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लेखी मजकूर)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वात चार शब्द बोलण्याची संधी विश्वस्त मंडळाने मला दिली, याबद्दल प्रथम कृतज्ञता व्यक्त करतो. मी वकील नाही आणि कायद्याचा पंडितही नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन वडिलोपार्जित कापडाच्या पेढीवर बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. परंतु व्यापाऱ्याची आणि कायद्याची गाठ रोज पडते. वकिलाला तो पुस्तकात भेटतो, आपल्याला तो बिलाच्या पाठीमागच्या बारीक अक्षरांत, दलालाच्या शब्दात आणि बँकेच्या कागदात भेटतो. म्हणून या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे.

विषय निवडण्यास आणखी एक निमित्त घडले. आपल्या समाजातील काही ज्येष्ठांनी या वर्षी अशी सूचना मांडली आहे की, समाजातील व्यापारी व कौटुंबिक तंटे कोर्टात जाऊ न देता मिटविण्यासाठी ट्रस्टने एक पंचमंडळ नेमावे. सूचना सद्हेतूची आहे. परंतु तिला होकार वा नकार देण्यापूर्वी, पंचांचा कायदा, सरकारचा कायदा आणि देशाच्या सीमा ओलांडून चालणारा व्यापाराचा कायदा यांचे परस्परांशी नाते काय, हे नीट समजून घेतले पाहिजे, असे मला वाटते.

एक साधा व्यवहार डोळ्यांसमोर आणा. इचलकरंजीच्या यंत्रमागावर विणलेले कोरे कापड मुंबईच्या निर्यातदाराने घेतले आणि परदेशातील ग्राहकाला पाठविले. विणकर व निर्यातदार यांच्यातील करार १८७२ च्या भारतीय करार कायद्याखाली आणि १९३० च्या माल विक्री कायद्याखाली येतो. दलाली, वटाव व धाऱ्याचे दिवस बाजाराच्या रिवाजाने ठरतात. माल जहाजावर चढल्यावर जोखीम कोणाची, हे 'एफओबी' किंवा 'सीआयएफ' या तीन अक्षरांवरून ठरते. त्या अक्षरांचा अर्थ कोणत्याही संसदेने ठरविलेला नाही. तो पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स या व्यापाऱ्यांच्या खाजगी संस्थेने १९३६ साली प्रथम लिहिला आणि वेळोवेळी सुधारला. २०२० ची आवृत्ती त्याच मालिकेतील आहे. पैसे लेटर ऑफ क्रेडिटने यावयाचे असतील, तर बँका ज्या नियमांनी वागतात तेही याच संस्थेचे. त्यांची पहिली आवृत्ती १९३३ ची, आणि 'यूसीपी ६००' या नावाने ओळखली जाणारी आवृत्ती १ जुलै २००७ पासून अमलात आली. वाद झालाच, तर तो लंडनला वा सिंगापूरला लवादापुढे जाण्याचीही शक्यता असते. व्यवहार एक, माल एक. आणि कायदे मोजू लागलो तर एका हाताची बोटे पुरत नाहीत.

एकाच समाजात, एकाच व्यवहारावर एकाच वेळी अनेक नियमव्यवस्था लागू असणे, याला अभ्यासक 'कायद्याची बहुविधता' म्हणतात. युजेन एअर्लिश या ऑस्ट्रियन विद्वानाने १९१३ साली हा विचार ठळकपणे मांडला. ते बुकोविना या प्रांतातील चेर्नोविट्झ येथे अध्यापन करीत. तेथे अनेक भाषांचे व धर्मांचे लोक एकत्र राहत. सर्वांना ऑस्ट्रियाचा एकच लेखी कायदा लागू होता. पण लग्न, वारसा, शेतीची देवघेव यांत प्रत्येक समाज आपापल्या रीतीने वागत होता. त्या प्रत्यक्ष चालणाऱ्या नियमांना त्यांनी 'जिवंत कायदा' म्हटले. पुढे १९५६ साली फिलिप जेसप या अमेरिकन विधिज्ञाने 'ट्रान्सनॅशनल लॉ' हे छोटे पुस्तक लिहिले. राष्ट्रांच्या सीमा ओलांडणाऱ्या कृतींचे नियमन करणारा सर्व कायदा, मग तो राष्ट्राराष्ट्रांतील तहांचा असो, एखाद्या देशाचा असो वा व्यापाऱ्यांनी स्वतः घडविलेला असो, एकत्र पाहावा, असा त्यांचा आग्रह होता. जेसप पुढे हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश झाले. आपण त्याला सोयीसाठी 'सीमापार कायदा' म्हणू.

या कल्पना विद्यापीठांत नवीन असतील, आपल्या पेढ्यांना त्या नवीन नाहीत. हुंडीचेच उदाहरण घ्या. दर्शनी हुंडी दाखविताच पैसे द्यावयाचे, मुदतीच्या हुंडीचे ठरल्या दिवशी. शहाजोग हुंडीचे पैसे कोणा वाटसरूला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या 'शहा'च्या मार्फतच ती पटवावी लागे आणि खोट्याची जबाबदारी त्या शहावर येई. जोखमी हुंडीत तर विमाही सामावलेला होता. माल सुखरूप पोहोचला तरच पैसे. हुंडी हरवली तर 'पेठ', तीही हरवली तर 'परपेठ'. हुंडी नाकारली गेली तर दुसऱ्या पेढीने अब्रू सांभाळावी म्हणून आधीच जिकरी चिठ्ठी दिलेली असे. ही सारी व्यवस्था एका राज्यातून दुसऱ्या राज्यात, अनेक राजांच्या अमलाखालून चालत होती. तिच्यामागे कोणा एका राजाचे फर्मान नव्हते. पेढीची पत आणि महाजनांचा शब्द हीच तिची ताकद होती.

इंग्रज सरकारने १८८१ साली परक्राम्य दस्तऐवज कायदा केला, तेव्हा पहिल्याच कलमात एक महत्त्वाची सूट ठेवली. पौर्वात्य भाषेत लिहिलेल्या दस्तऐवजाबाबतच्या स्थानिक रिवाजाला हा कायदा बाधा आणणार नाही. मात्र पक्षांनी त्याच कागदात तसे लिहून या कायद्याखाली येण्याचे ठरविले, तर तो लागू होईल. म्हणजे भाषा कोणती आणि कागदावर शब्द कोणते, यावरून कायदा बदलत असे. चेक न वटल्याचा दावा आज ज्या कायद्याखाली लावला जातो, त्याच्याच पहिल्या कलमात आपल्या आजोबांच्या हुंडीचा रिवाज राखून ठेवलेला आहे, हे तरुण मित्रांनी अवश्य वाचावे.

त्याआधी १८२७ साली, माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचे गव्हर्नर असताना, मुंबई प्रांताच्या न्यायालयांसाठी चौथे रेग्युलेशन झाले. त्यात कायद्यांचा क्रम सांगितला होता. प्रथम पार्लमेंटचे कायदे व सरकारची रेग्युलेशने. ती नसतील तेथे ज्या मुलखात दावा उद्भवला तेथील रिवाज. तोही नसेल तर प्रतिवादीचा कायदा. आणि काहीच न सापडल्यास न्याय, समता व सदसद्विवेक. सरकारने रिवाजाला शास्त्रग्रंथाच्या वरचे स्थान दिले, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. आर्थर स्टील यांनी दख्खनमधील जातीजातींचे रिवाज विचारून संकलित केले, ते याच काळात.

परंतु रिवाजाला मान मिळाला म्हणजे सर्व सुरळीत झाले, असे नाही. रिवाज कोर्टात सिद्ध करावा लागतो, आणि सिद्ध करण्याचे ओझे तो सांगणाऱ्यावर पडते. आपल्याच समाजाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. जैनांना कोणता वारसा कायदा लावावा, हा प्रश्न एकोणिसाव्या शतकात वारंवार न्यायालयांपुढे आला. लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने सूत्र ठरविले ते असे: जैनांना सामान्यतः हिंदू कायदा लागू, आणि वेगळा रिवाज सिद्ध झाला तर तेवढ्यापुरता रिवाज लागू. शिवकुंवरबाई विरुद्ध जिवराज या खटल्यात, १९२० च्या सुमारास, निपुत्रिक जैन विधवेला पतीच्या परवानगीवाचून दत्तक घेता येते, हा रिवाज प्रिव्ही कौन्सिलने मान्य केला. अनेक प्रांतांतील हिंदू कायद्यात तेव्हा विधवेला ही मोकळीक नव्हती. म्हणजे आपला रिवाज या बाबतीत स्त्रीच्या बाजूचा होता. तरीही तो मान्य होण्यासाठी कित्येक कुटुंबांना वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. याच अस्वस्थतेतून बॅरिस्टर चंपतराय जैन यांनी १९२६ साली 'जैन लॉ' हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

स्वातंत्र्यानंतर १९५५ चा हिंदू विवाह कायदा व १९५६ चा हिंदू वारसा कायदा जैनांनाही स्पष्ट शब्दांत लागू करण्यात आला. २७ जानेवारी २०१४ रोजी जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित करण्यात आले, तेव्हा अनेकांच्या मनात गोंधळ उडाला. तो गोंधळ फेब्रुवारी २०२५ मध्ये इंदूरच्या कुटुंब न्यायालयातही दिसला. अल्पसंख्याक ठरलेल्या जैनांना हिंदू विवाह कायद्याखाली दाद मागता येणार नाही, असे म्हणून तेथे अर्ज फेटाळला गेला. पुढच्याच महिन्यात मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. अल्पसंख्याक दर्जामुळे विवाह कायदा बदलत नाही, हे स्पष्ट झाले. धर्म वेगळा असणे, समाजाला विशिष्ट दर्जा असणे आणि विशिष्ट कायदा लागू असणे, या तीन निराळ्या गोष्टी आहेत. त्या एकमेकींत मिसळल्या की सामान्य कुटुंबाचे हाल होतात.

आता सीमापार कायद्याकडे वळतो. कापसाशी आपला संबंध जवळचा, म्हणून कापसाचेच उदाहरण घेतो. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात लिव्हरपूलला अमेरिकेचा कापूस मिळेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आपल्या समाजातील प्रेमचंद रायचंद यांचे नाव त्याच काळात गाजले. १८६५ मध्ये युद्ध संपले, भाव कोसळले आणि मुंबईतील कित्येक पेढ्या बुडाल्या. हजारो मैलांवरच्या घटनेने काळबादेवीच्या पेढीला टाळे लागू शकते, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

त्या लिव्हरपूलमध्ये कापसाच्या दलालांनी १८४१ साली संघटना स्थापन केली. १८८२ मध्ये ती लिव्हरपूल कॉटन असोसिएशन झाली आणि २००४ पासून ती इंटरनॅशनल कॉटन असोसिएशन या नावाने ओळखली जाते. आज जगाच्या कापूस व्यापारातील फार मोठा भाग तिच्या नियमांनुसार चालतो. विकणारा एका देशाचा, घेणारा दुसऱ्या देशाचा, इंग्लंडमध्ये गाठही उतरत नाही. तरी करारास इंग्लंडचा कायदा लागू आणि वाद झाला तर त्या संस्थेचा लवाद. तिचा एक नियम आपल्या बाजारापेक्षा कडक आहे. करार पार पडला नाही म्हणून तो रद्द होत नाही. त्या दिवसाच्या बाजारभावाने हिशोब करून तो बंद केला जातो आणि फरक ज्याच्याकडे निघेल त्याने भरावयाचा. निवाडा पाळला नाही, तर पेढीचे नाव यादीत जाते आणि संस्थेच्या सभासदांना त्या पेढीशी व्यवहार करण्यास मनाई होते. ना पोलीस, ना बेलिफ; परंतु यादीतल्या नावाला कापूस मिळणे दुरापास्त होते.

मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कापसाचा भाव पौंडाला दोन डॉलरच्या वर गेला. वर्ष संपता संपता तो एक डॉलरच्या खाली आला. चढ्या भावाने करार केलेल्या अनेक देशांतील गिरण्यांनी माल उचलण्यास नकार दिला आणि लवादाकडे प्रकरणांची रीघ लागली. सरकारेही यात मागे नव्हती. आपल्या केंद्र सरकारने २०१० मध्ये कापूस निर्यात रोखली होती. ५ मार्च २०१२ रोजी पुन्हा बंदी घातली आणि आठवडाभरात ती उठविली. निर्यातदाराने काय करावे? लिव्हरपूलचा नियम म्हणतो माल द्या, दिल्लीचा हुकूम म्हणतो देऊ नका.

या पेचाचे सर्वात शिकवणारे उदाहरण शेंगदाण्याचे आहे. नाफेड या आपल्या सहकारी संस्थेने १९८० च्या आरंभी अलिमेंटा या स्विस कंपनीशी ५,००० टन निवडक शेंगदाणा देण्याचा करार केला. प्रत्यक्षात सुमारे १,९०० टन माल गेला. उरलेला पुढील हंगामात द्यावयाचे ठरले, पण एका वर्षाचा निर्यात कोटा पुढील वर्षी वापरण्यास सरकारने परवानगी दिली नाही. प्रकरण लंडनच्या तेलबिया व्यापाऱ्यांच्या संस्थेच्या लवादाकडे गेले. १९८९ मध्ये निवाडा झाला आणि नाफेडने सुमारे ४६.८ लाख डॉलर व त्यावर व्याज द्यावे, असे ठरले. दिल्ली उच्च न्यायालयाने तो अंमलबजावणीयोग्य मानला. परंतु २२ एप्रिल २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय फिरविला. सरकारच्या परवानगीवाचून निर्यात करणे बेकायदा ठरले असते, म्हणून हा निवाडा भारताच्या सार्वजनिक धोरणाविरुद्ध आहे, असे न्यायालय म्हणाले. कराराला चाळीस वर्षे होऊन गेली होती.

याच्या उलट बाजूही त्याच वर्षीची आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये, एका केबल कंपनीतील भागधारकांच्या वादात, सर्वोच्च न्यायालयाच्याच दुसऱ्या खंडपीठाने परदेशी निवाडा कायम केला. परकीय चलन कायद्याचा भंग होतो, एवढ्यावरून निवाडा सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरत नाही, असे सांगून आक्षेप घेणाऱ्यांना ५० लाख रुपये खर्चही भरावयास लावला. परदेशी निवाडे मानण्याचे बंधन १९५८ च्या न्यूयॉर्क कराराने आले. भारताने त्यास १९६० मध्ये मान्यता दिली आणि आज १७० हून अधिक देश त्यात आहेत. मात्र करारातच 'सार्वजनिक धोरण' हे एक दार उघडे ठेवलेले आहे, आणि ते किती उघडावयाचे हे प्रत्येक देशाचे न्यायालय ठरविते. व्यापाऱ्यांचा कायदा कितीही स्वयंभू वाटला, तरी पैसे वसूल करण्याची वेळ आली की तो कोणत्या ना कोणत्या देशाच्या कोर्टात येऊन उभा राहतो.

पंचनिवाड्यांविषयी आपल्या बाजारालाही मोठा अनुभव आहे. अहमदाबादचे मस्कती कापड मार्केट महाजन, मुंबईचे हिंदुस्थान चेंबर ऑफ कॉमर्स व भारत मर्चंट्स चेंबर यांनी कापडाच्या वादांत लवादाचे काम केले आहे. तागा कमी भरला, पोत नमुन्याप्रमाणे नाही, रंग उतरला, असले वाद कापड हाताळलेला माणूस पाहताक्षणी ओळखतो. मी स्वतः अशा काही बैठकींत पंच म्हणून बसलो आहे. कापडाचा तुकडा मेजावर ठेवल्यावर दहा मिनिटांत मिटलेले वाद मी पाहिले आहेत. कोर्टात त्यांनाच दहा वर्षे लागली असती.

परंतु बाजाराचा रिवाज नेहमी न्याय्य असतोच असे नाही, हेही सांगितले पाहिजे. कापडाच्या धंद्यात नव्वद दिवसांचा, कधी त्याहून लांब धारा हा जणू नियमच होता. त्याचा भार शेवटी छोट्या विणकरावर व प्रक्रिया करणाऱ्यावर पडे. २००६ च्या कायद्याने सूक्ष्म व लघु उद्योगांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणे बंधनकारक केले, पण बाजाराने ते फारसे मनावर घेतले नाही. १ एप्रिल २०२४ पासून आयकर कायद्यात तरतूद आली की, मुदतीत पैसे न दिल्यास ती खरेदी त्या वर्षीच्या खर्चात धरली जाणार नाही. तेव्हा मात्र पेठापेठांत खळबळ उडाली. आपण सर्वांनी तक्रारी केल्या, कित्येकांच्या ऑर्डरीही रद्द झाल्या. तरीही विणकराच्या जागी उभे राहून पाहिले, तर रिवाज कोणी घडविला आणि कोणी सोसला, हा प्रश्न टाळता येत नाही. लिव्हरपूलच्या व पॅरिसच्या नियमांनाही हाच प्रश्न विचारावयास हवा. ते बलाढ्य पेढ्यांनी लिहिले. सोलापूरचा चादर व्यापारी तेथे नव्हता.

आता आपल्या पंचमंडळाच्या सूचनेकडे येतो. माझे मत अनुकूल आहे, पण त्यास मर्यादा असाव्यात.

पहिली मर्यादा विषयाची. व्यापारी देणे-घेणे, भागीदारीचा हिशोब, मालाची प्रत हे विषय पंचांपुढे येण्यास योग्य आहेत. घटस्फोट, मुलांचा ताबा, मृत्युपत्राची सत्यता आणि फौजदारी गुन्हा हे विषय लवादाला सोपविता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. कौटुंबिक बाबतीत फार तर समेटासाठी बसावे, निवाडा देऊ नये. आणि मुलींच्या हक्काचे काय? ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्माने सहदायाद आहे. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातील उरलेली शंकाही दूर केली. 'समाजाची रीत' म्हणून बहिणीकडून हक्कसोडपत्रावर सही घेण्याचे काम आपल्या पंचमंडळाने कदापि करू नये. ज्या समाजाच्या रिवाजाने शंभर वर्षांपूर्वी विधवेला दत्तकाचा अधिकार दिला होता, त्याने आज मुलीचा हक्क हिरावण्यासाठी रिवाजाची सबब सांगणे शोभणार नाही.

दुसरी मर्यादा संमतीची. दोन्ही पक्षांची लेखी संमती असल्याशिवाय प्रकरण हाती घेऊ नये. १९९६ च्या लवाद कायद्याला लेखी करार हवा. पंच एकाच पक्षाने नेमलेला वा त्याच्याशी हितसंबंध असलेला नसावा. या बाबतीत २०१५ च्या दुरुस्तीने नियम कडक केले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये घटनापीठाने एकतर्फी नेमणुकीस समानतेविरुद्ध ठरविले. योग्य रीतीने दिलेला निवाडा कोर्टाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात येतो. अयोग्य रीतीने दिलेला निवाडा म्हणजे आणखी एका दाव्याची सुरुवात.

तिसरी मर्यादा सर्वात महत्त्वाची. निवाडा न मानणाऱ्यावर बहिष्कार नको. लिव्हरपूलच्या यादीविषयी मी सांगितले. ती व्यापारापुरती आहे. माणसाला मंदिरात, लग्नकार्यात, भोजनात वगळणे ही निराळी गोष्ट आहे. महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा केला आणि २०१७ पासून तो अमलात आला. अशी बंदी घालणे हा गुन्हा आहे. पूर्वीच्या पंचायतींना जी धार होती, ती पुष्कळदा बहिष्काराच्या भीतीची होती. ती धार गेली, हे बरेच झाले. पंचांच्या शब्दाला वजन यावे ते त्यांच्या निःपक्षपातीपणामुळे यावे.

आपला ट्रस्टही अनेक कायद्यांच्या छायेत उभा आहे, हे विश्वस्तांना सांगावयास नको. १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा आला तेव्हा एका जैन देवस्थानाच्या व्यवस्थापकांनी त्यास आव्हान दिले. १९५४ मध्ये रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मधला मार्ग दाखविला. हिशोब, नोंदणी व देखरेख हा राज्याचा अधिकार. परंतु धार्मिक संप्रदायाचे व्यवस्थापनच काढून घेणे राज्याला शक्य नाही. आपले वार्षिक हिशोब आणि आपले पूजाविधी या दोन्ही गोष्टी त्या निर्णयाच्या दोन बाजू आहेत.

कोणी म्हणेल, हा सर्व आपला अनेकांतच झाला. मला तसे सहज म्हणवत नाही. अनेकांत ही सत्याकडे पाहण्याची दृष्टी आहे. तंट्यात मात्र निकाल एकच द्यावा लागतो, कोणाचे तरी देणे निघते आणि कोणाचे तरी येणे. तेव्हा अनेक कायदे आहेत म्हणून सोयीचा तो निवडावा, असा अर्थ आपण काढू नये. पंचांपुढे हरलो की कोर्ट, कोर्टात हरलो की समाज, हा खेळ ज्याच्याजवळ पैसा व वेळ आहे त्यालाच परवडतो.

तरुण मित्रांना व्यवहाराच्या दोन गोष्टी सांगून थांबतो. परदेशी ग्राहकाने पाठविलेल्या कराराचे शेवटचे पान आधी वाचा. कोणत्या देशाचा कायदा, लवाद कोठे, कोणत्या संस्थेचे नियम, हे भावाइतकेच महत्त्वाचे आहे. निवाडा ज्या देशात होणार तो देश भारत सरकारने राजपत्रात अधिसूचित केला आहे का, हे विचारून घ्या. नसेल तर न्यूयॉर्क कराराचा मार्ग येथे उपयोगी पडत नाही. सरकारने निर्यात थांबविली तर काय, याचे कलम स्वच्छ शब्दांत लिहून घ्या. आणि लेटर ऑफ क्रेडिटमध्ये बँक कागद पाहते, कापड पाहत नाही, हे विसरू नका.

पंचमंडळाच्या सूचनेवर विश्वस्त मंडळ योग्य तो निर्णय घेईलच. वर सांगितलेल्या तीन मर्यादा लिखित स्वरूपात नियमावलीत याव्यात आणि पंचांमध्ये किमान एक महिला व एक कायद्याची जाणकार व्यक्ती असावी, एवढी माझी नम्र विनंती आहे. पन्नास वर्षांत या ट्रस्टने समाजाचा विश्वास मिळविला आहे. त्या विश्वासावर उभे राहणारे पंचमंडळ दुर्बल पक्षालाही आपले वाटले पाहिजे.